‘बाहेरून आणा’ : ही चिठ्ठी नेमकी कुठे तयार होते?

सरकारी दवाखान्यात केसपेपर निघतो. डॉक्टर तपासतात, चार औषधे लिहून देतात. औषधाच्या खिडकीवर त्यातली दोन मिळतात. उरलेल्या दोनांपुढे ‘एनए’ लिहिले जाते आणि आतून आवाज येतो, “ही बाहेरून आणा.” वस्तीतल्या बहुतेक घरांना हा अनुभव आहे. त्यानंतर घरात काय होते, तेही आपल्याला माहीत आहे. रोजची बीपीची गोळी दिवसाआड घेतली जाते. इन्सुलिन पगार होईपर्यंत थांबते. आजीचे औषध आणायचे की पोराच्या क्लासचे पैसे भरायचे, असा हिशेब सुरू होतो. आणि ज्या बाईने औषधासाठी रोजगार बुडवून रांग लावली, तिची त्या दिवसाची मजुरीही जाते आणि औषधही मिळत नाही.

आम्ही बरीच वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले. आता वस्त्यांमध्ये आरोग्य हक्काचे काम करतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. लोकांचा राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो, म्हणजे फार्मासिस्टवर, सिस्टरवर, नाहीतर आशाताईवर. पण गोळी खिडकीवर नसण्याचे कारण बहुतेक वेळा सहा-आठ महिने आधी, दुसऱ्याच शहरातल्या एखाद्या कार्यालयात घडलेले असते. ते कारण शोधता येते. त्याला नाव देता येते. आणि नाव देता आले की त्याबद्दल जाबही विचारता येतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर एखाद्या आजाराऐवजी औषधाच्या प्रवासाबद्दल लिहीत आहोत.

एक गोळी किती हातांतून येते?

सरकारी गोळी आपल्या हातात पडण्याआधी सहा टप्पे पार करते.

पहिला टप्पा यादीचा. सरकार बाजारातले प्रत्येक औषध घेऊ शकत नाही आणि घ्यायची गरजही नसते. म्हणून अत्यावश्यक औषधांची यादी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली यादी १९७७ मध्ये काढली. आपल्या देशाच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. राज्ये आपापल्या गरजेप्रमाणे स्वतःची यादी करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणती औषधे हवीत, जिल्हा रुग्णालयात कोणती, हे त्यातून ठरते.

दुसरा टप्पा मागणीचा. प्रत्येक दवाखाना वर्षाला किती गोळ्या, किती सलाइन, किती इंजेक्शने लागतील याचा अंदाज वर कळवतो. दवाखान्याच्या भाषेत याला इंडेंट म्हणतात.

तिसरा टप्पा निविदेचा, म्हणजे टेंडरचा. सगळ्या दवाखान्यांची मागणी एकत्र करून कंपन्यांकडून दर मागवले जातात. आधी कंपनीचा परवाना, कारखान्याचा दर्जा आणि मागचा अनुभव तपासतात. त्यात जी कंपनी बसेल तिचाच दराचा लिफाफा उघडतात. दर ठरला की दरकरार होतो.

चौथा टप्पा तपासणीचा. आलेला माल प्रयोगशाळेत तपासून पास व्हायला हवा.

पाचवा टप्पा गोदामाचा आणि वाहतुकीचा. माल जिल्ह्याच्या गोदामात येतो आणि तिथून तालुक्याला, दवाखान्याला जातो. लस आणि इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ज्या औषधाची मुदत आधी संपणार आहे ते आधी बाहेर काढावे लागते. नाहीतर एका गोदामात गोळ्या मुदतबाह्य होऊन फेकल्या जातात आणि शेजारच्या तालुक्यात त्याच गोळीसाठी रांग लागलेली असते.

सहावा टप्पा बिलाचा. पुरवठादाराला पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर तो पुढच्या वेळी माल देत नाही किंवा दर वाढवून देतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांना औषधे पुरवणाऱ्यांनी थकलेल्या बिलांच्या कारणावरून पुरवठा थांबवण्याची घोषणा केली होती. बिल कार्यालयात अडकते आणि उपाशी मात्र वॉर्डातले औषधाचे कपाट राहते.

या सहापैकी एक कडी निखळली तरी खिडकीवर ऐकू येणारे वाक्य तेच असते. कारणे सहा आणि उत्तर एकच, “बाहेरून आणा.” त्यामुळे नेमकी कोणती कडी निखळली हे आपल्याला कळत नाही, आणि जबाबदार कोण हेही गुलदस्त्यात राहते.

एकत्र खरेदी का करायची?

वस्तीतल्या बायका भिशी काढून किंवा गटाने मिळून वर्षाचा गहू, तांदूळ, तिखट घाऊक घेतात. एकटीने किलोभर घेतले तर दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो. पन्नास जणींनी मिळून पोती घेतली तर भाव आपण ठरवतो आणि मालही पारखून घेतो. औषधांच्या केंद्रीय खरेदीमागचे तत्त्व हेच आहे. राज्यातल्या हजारो दवाखान्यांची मागणी एकत्र केली, तर तीच गोळी खूप स्वस्त पडते. तेवढ्याच पैशात जास्त रुग्णांना औषध मिळते.

पण घाऊक खरेदीत एक धोका असतो, तोही बायकांना ठाऊक आहे. जिच्याकडे पैसे जमा केले तिनेच उशीर केला, तर पन्नासही घरांचे डबे एकदम रिकामे होतात. केंद्रीय खरेदी चांगली की वाईट, हा वाद म्हणूनच अर्धवट आहे. ती कशी चालवली जाते यावर सगळे अवलंबून आहे. दोन राज्यांचा अनुभव पाहिला की हे नीट कळते.

तामिळनाडूने काय केले?

तामिळनाडू सरकारने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. तामिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन हे त्याचे नाव. त्याआधी तिथेही औषध खरेदीतले घोटाळे गाजले होते. महामंडळाने जे केले त्यात चमत्कार काही नव्हता. त्यांनी सहाही कड्या एका हिशेबात बांधल्या.

प्रत्येक सरकारी दवाखान्याला एक पासबुक दिले. बँकेच्या पासबुकासारखेच. वर्षाला त्या दवाखान्याच्या वाट्याला किती रुपयांची औषधे आहेत ते त्यात लिहिलेले असते. दवाखाना गोदामातून माल उचलतो, तेवढी रक्कम पासबुकातून वजा होते. त्यामुळे वरून काहीतरी पाठवले आणि खाली ते गपगुमान घेतले, असे होत नाही. ज्या भागात सर्पदंश जास्त, तो दवाखाना सापाच्या विषावरचे इंजेक्शन जास्त उचलतो. जिथे मधुमेहाचे रुग्ण जास्त, तिथे त्या गोळ्या जास्त जातात.

जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे बांधली आणि ती संगणकाने जोडली. कोणत्या गोदामात कोणती गोळी किती शिल्लक आहे हे चेन्नईत बसून दिसते. साठा ठरलेल्या पातळीखाली उतरला की नवी ऑर्डर निघते. साधारण तीन महिन्यांचा साठा हाताशी ठेवला जातो. त्यामुळे एखादा पुरवठा लांबला तरी रुग्णाला लगेच झळ बसत नाही.

आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना काढतात. त्यावरचे कंपनीचे नाव झाकतात, सांकेतिक क्रमांक टाकतात आणि मग तो प्रयोगशाळेत पाठवतात. तपासणाऱ्याला औषध कोणाचे आहे ते कळत नाही, म्हणून त्याला कोणी फोन करून ‘सांभाळून घ्या’ म्हणू शकत नाही. अहवाल पास आला तरच माल दवाखान्यात जातो. उशिरा माल देणाऱ्याला दंड होतो, खराब माल देणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाते. आणि चांगला माल वेळेवर देणाऱ्याला पैसेही वेळेवर मिळतात. ही शेवटची गोष्ट ऐकायला छोटी वाटते, पण तिच्यामुळे चांगल्या कंपन्या टेंडर भरायला पुढे येतात.

अडीनडीला लागणाऱ्या औषधांसाठी निधीचा साधारण दहावा भाग दवाखान्याच्या हातात ठेवला. म्हणजे नव्वद टक्के खरेदी एकत्र आणि दहा टक्के स्थानिक. घाऊक धान्य भरले तरी घरात थोडी रोकड ठेवावी, तसे.

पुढे केरळने आणि राजस्थानने हाच मार्ग धरला. राजस्थानने २०११ मध्ये असे महामंडळ काढले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. आधी पुरवठ्याची यंत्रणा उभी केली आणि मग मोफत औषधाची घोषणा केली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तपासणी सुटली तर काय होते?

औषध नसणे वाईटच, पण चुकीचे औषध असणे त्याहून वाईट. मुंबईने याची जबर किंमत मोजली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात रुग्णांना ग्लिसरॉल दिले गेले. ते मेंदूवरचा किंवा डोळ्यावरचा दाब कमी करण्यासाठी वापरतात. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. विष कसे शिरले याचा माग काढताना आयोगाला रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार आणि अन्न व औषध प्रशासन या सगळ्याच ठिकाणचा सडका कारभार दिसला. दाखल झालेल्या रुग्णांना तो कारभार दिसण्याचा मार्गच नव्हता. त्यांना फक्त बाटली दिसत होती.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. अलीकडे, २०२३-२४ मध्ये, नागपूर भागातल्या सरकारी रुग्णालयांत पोचलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत मूळ औषधच नसल्याचे आढळले. आता विचार करा. जखम चिघळलेल्या माणसाला पाच दिवस गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही. डॉक्टर म्हणणार, हे औषध लागू पडत नाही, दुसरे भारी औषध लिहू. घरचे म्हणणार, सरकारी गोळीत दम नसतो, खासगीत जाऊ. खरा दोष गोळी खरेदी करून न तपासता पुढे पाठवण्यात होता, हे दोघांनाही कळणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की ‘सरकारी औषध हलके असते’ हा समज आपण झटकायला हवा. नीट खरेदी केलेले, नीट तपासलेले सरकारी औषध कोणत्याही महागड्या गोळीइतकेच गुणकारी असते. वेष्टन साधे असते एवढेच. पण ‘नीट तपासलेले’ या शब्दांचा आग्रह आपण सोडायचा नाही.

महाराष्ट्रात काय झाले?

परळचे हाफकिन आपल्याला लशींसाठी माहीत आहे. प्लेगच्या काळात, १८९९ मध्ये, ती संस्था उभी राहिली. २०१७ मध्ये राज्य सरकारने राज्यातल्या सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी हाफकिन जैव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हेतू तामिळनाडूसारखाच होता. एका ठिकाणी खरेदी, कमी दर, कमी घोटाळे.

पण खरेदी एकत्र झाली आणि बाकीच्या कड्या मागे राहिल्या. औषधे बनवणाऱ्या संस्थेवर खरेदीचे प्रचंड काम पडले. दवाखान्यांची मागणी, विभागांची मंजुरी, निधी वर्ग होणे, निविदा निघणे, बिले चुकती होणे, यात महिनोन्‌महिने जाऊ लागले. निधी खरेदी यंत्रणेकडे पडून आणि वॉर्डात सलाइन नाही, अशा तक्रारी राज्यभरातून येत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून खरेदीसाठी स्वतंत्र महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व सेवा निःशुल्क झाल्या. निर्णय स्वागतार्ह होता. पण मोफत म्हटल्यावर गर्दी वाढते आणि औषध जास्त लागते. पुरवठा तेवढाच राहिला, तर खिडकीवरची पावती बंद होते आणि बाहेरच्या मेडिकलचे बिल वाढते. राजस्थानचा क्रम इथे उलटा झाला.

आणि मग नांदेड. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा होता असे लोक म्हणत होते, तर रुग्णालय प्रशासनाने ते नाकारले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रिकाम्या जागा, अपुरे मनुष्यबळ आणि औषध खरेदी हे सगळे प्रश्न तिथे एकत्र आले. खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख नाही, हा मुद्दाही त्या सुनावणीत पुढे आला. नांदेडच्या प्रत्येक मृत्यूमागचे कारण औषधच होते असे आम्ही म्हणणार नाही. पण कायदा झाला, नाव बदलले आणि खुर्चीवर पूर्णवेळ माणूस नाही, अशा अवस्थेत कोट्यवधी लोकांचे औषध कसे पोचणार, हा प्रश्न त्या बाळांनी मागे ठेवला आहे.

सगळे एकाच दारातून येते तेव्हा

क्षयरोगाची औषधे केंद्र सरकार देशभरासाठी खरेदी करते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागाला राज्यांना पत्र लिहून सांगावे लागले की, तीन महिन्यांपुरती औषधे तुम्ही स्थानिक पातळीवर घ्या. दार एकच होते आणि तेच अडकले, तर देशभरचे रुग्ण अडकले.

टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. मध्येच गोळ्या थांबल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, गोळ्यांचा त्रास वाढतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना तोच बळकट झालेला टीबी लागण्याची भीती असते. आपण रुग्णाला सांगत आलो की एकही डोस चुकवू नका. तो नेमाने येतो आणि डोस सरकारच चुकवते, तर त्याला काय सांगायचे? अशा औषधांच्या बाबतीत राखीव साठा असलाच पाहिजे आणि केंद्रीय पुरवठा लांबला, तर स्थानिक खरेदीचा अधिकार आणि पैसा जिल्ह्याकडे आधीच तयार असला पाहिजे. साठा संपल्यावर परवानगीचे पत्र निघून उपयोग नसतो.

न नोंदलेला रुग्ण

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती वॉर्डातले इंडेंट बुक भरता भरता आमच्या लक्षात आली.

समजा, एका दवाखान्यात बीपीच्या गोळ्या महिन्याला ३,००० लागतात. म्हणजे वर्षाला ३६,०००. पण पुरवठा सातच महिने झाला. पाच महिने खिडकीवर गोळी नव्हती. रजिस्टरमध्ये वर्षभरात वाटप दिसते २१,०००. पुढच्या वर्षाची मागणी करताना कारकून मागचे रजिस्टर उघडतो. २१,००० मध्ये दहा टक्के वाढ धरून २३,१०० ची मागणी पाठवतो. खरी गरज ३६,००० ची. म्हणजे पुढच्या वर्षी सगळा माल वेळेवर आला, तरी गोळ्या आठव्या महिन्यातच संपणार! बाहेरून गोळी विकत आणणारी आपली मावशी त्या कागदावर कुठेच नाही. सरकारी हिशेबात ती आजारीच नाही.

योग्य पद्धत सोपी आहे. जितके महिने साठा होता, तेवढ्याच महिन्यांवरून सरासरी काढायची. २१,००० भागिले सात, म्हणजे महिन्याला ३,०००, आणि त्याला बाराने गुणायचे. पण त्यासाठी साठा कधी संपला आणि कधी आला, किती रुग्ण परत गेले, याची नोंद हवी. ती नोंद होत नाही, कारण ‘एनए’ लिहिलेला कागद रुग्णाच्या पिशवीत घरी जातो आणि दवाखान्यात त्याची खूण राहत नाही. तुटवडा असा स्वतःच पुढचा तुटवडा जन्माला घालतो.

याच ठिकाणी वस्ती काहीतरी करू शकते.

आपण काय करायचे?

*खिडकीवर चार प्रश्न विचारा.* शांतपणे, हात जोडून नव्हे आणि बोट रोखूनही नव्हे.
१) हे औषध या दवाखान्याच्या यादीत आहे का?
२) साठा केव्हापासून नाही?
३) मागणी कोणत्या तारखेला पाठवली?
४) याच गुणाचे दुसरे औषध उपलब्ध आहे का? असल्यास डॉक्टरांकडून बदलून लिहून घेऊ.

*‘उपलब्ध नाही’ हे तारखेसह लिहून घ्या.* केसपेपरवर शिक्क्यासह लिहून मागा. तोंडी उत्तर हवेत विरून जाते. लिहिलेला कागद पुरावा होतो.

*कागद एकत्र करा.* महिन्यातून एकदा विहारात किंवा समाजमंदिरात बसून एक वही करा. तारीख, दवाखाना, औषधाचे नाव, किती दिवसांचे बाहेरून आणले, किती रुपये गेले, एवढेच पाच रकाने. रुग्णाचे नाव आणि आजार वहीत लिहायची गरज नाही. टीबी, एचआयव्ही अशा रुग्णांची गुप्तता जपायची आहे. वही लिहायचे काम दहावी-बारावीच्या मुलींना द्या. तीन महिन्यांत तुमच्या हातात तो आकडा येईल जो सरकारी रजिस्टरमध्ये नाही.

*तो आकडा योग्य टेबलावर ठेवा.* सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. शहरी वस्त्यांमध्ये महिला आरोग्य समित्या, गावांत ग्राम आरोग्य समिती असते. आशाताईंना विचारा, आपल्या भागातल्या समितीवर कोण आहे आणि बैठक कधी आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी निवेदन देऊन पोच घ्या. आरोग्य विभागाच्या १०४ क्रमांकावरही चौकशी करता येते.

*माहितीचा अधिकार वापरा.* दहा रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. ‘औषध का नाही?’ असे विचारू नका, मोघम उत्तर येईल. कागद मागा. अमुक औषधाच्या साठा नोंदवहीची गेल्या १२ महिन्यांची प्रत, पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती, माल मिळाल्याच्या तारखा आणि मुदतबाह्य झालेल्या औषधांची यादी. या चार कागदांवरून कोणती कडी निखळली ते बहुतेक वेळा कळते. मागणीच उशिरा गेली असेल तर जाब दवाखान्याला. मागणी वेळेवर जाऊन माल आला नसेल तर जाब वरच्या खरेदी यंत्रणेला. माल येऊन गोदामात मुदत संपली असेल तर जाब जिल्ह्याला.

*पाकिटावर लक्ष द्या.* गोळीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. कापलेल्या पट्टीवर मुदत नसेल तर विचारा. गोळीचा रंग उडालेला, चुरा झालेला, सिरपला गाठी आलेल्या दिसल्या तर घेऊ नका, परत दाखवा. नियमाने गोळ्या घेऊनही काहीच फरक पडत नसेल तर डॉक्टरांना सांगा आणि रिकामी पट्टी जपून ठेवा.

*औषध तोडू नका.* लढा चालू राहील, पण तोवर बीपी, साखर, फिट, टीबी यांची गोळी बंद करायची नाही. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात मूळ नावाने औषध मागा. ते बरेच स्वस्त पडते. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव ठळक अक्षरात लिहायला सांगा.

आणि एक विनंती. खिडकीवरच्या फार्मासिस्टला, वॉर्डातल्या सिस्टरला शिव्या देऊ नका. रात्रपाळीला चाळीस रुग्ण आणि कपाटात दहा सलाइन असताना कोणाला लावायचे, हा निर्णय घेताना काय होते ते आम्ही जाणतो. त्या सिस्टर तुमच्या विरोधात नाहीत. तुमची वही त्यांनाही उपयोगी पडेल, कारण त्यांनी पाठवलेल्या मागणीपत्रांना वर कोणी विचारत नाही.

हे उपकार नाहीत

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्काच्या कलम २१ चा आधार घेतला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा त्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्या खटल्यातून हे निघाले त्यातला माणूस कोणी बडा नव्हता. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेला तो एक शेतमजूर होता आणि त्याला एकामागून एक रुग्णालयांनी परत पाठवले होते.

हक्क कागदावर आहे. गोळी खिडकीवर यायची असेल तर मागणीपत्र, टेंडर, तपासणी, गोदाम आणि बिल या कंटाळवाण्या गोष्टींवर कोणाचे तरी लक्ष असले पाहिजे. दवाखाना आपला आहे, तेव्हा ते लक्षही आपणच ठेवायचे आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा प्रत्येकाने घरातला शेवटचा केसपेपर सोबत आणा. ज्या औषधांपुढे ‘एनए’ लिहिले आहे, ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.

जय भीम.